‘कदाचित गहाळ’ : एका सूचनेची चिकित्सा

डेबियन या लिनक्स-वितरणावर चालणाऱ्या संगणकात नवा कर्नल बसवला, की पडद्यावरून सरकत जाणाऱ्या ओळींच्या गर्दीत अधूनमधून एक वेगळी ओळ दिसते. सुरुवातीला इंग्रजी डब्ल्यू, त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके आणि मग मजकूर. मराठीत आणायचा तर तो असा होईल : ‘अमुक मॉड्यूलसाठीचे तमुक फर्मवेअर कदाचित गहाळ आहे.’ कधी अशी एकच ओळ येते, कधी पंचवीस-तीस येतात. काम मात्र थांबत नाही. सगळे सुरळीत पार पडते आणि बहुतेक माणसे ती ओळ विसरून जातात.

मी मूळचा जुन्या कागदपत्रांच्या मागे लागलेला माणूस. पोथ्यांच्या चांगल्या छापील आवृत्त्यांत संपादक तळाशी नोंद करतो, की येथे मूळ प्रतीतले एक पान गहाळ आहे. अशी टीप ओलांडून पुढे जायचे नाही, ही सवय त्या कामाने लावली. संगणक मी त्याच कामासाठी शिकलो, तोही कोणत्याही वर्गात न जाता. म्हणून ही ओळ मला पहिल्यापासून तळटीपेसारखीच वाटत आली आहे. गहाळ नेमके काय आहे? ते कुणी आणि का काढले? आणि संपादकाला ठाऊक असायला हवे, तर मग ‘कदाचित’ कशासाठी? या प्रश्नांचा माग काढत गेलो, तेव्हा त्या एका ओळीमागे वीस वर्षांचे भांडण निघाले.

आधी फर्मवेअर म्हणजे काय ते पाहू. संगणकातले वायफायचे कार्ड, आवाजाची चिप, पडद्यावर चित्र उमटवणारी चिप, हे भाग आता निव्वळ तारा आणि धातू राहिलेले नाहीत. त्यांच्या आत छोटे प्रोसेसर असतात आणि त्यांना चालवणारी त्यांची स्वतःची आज्ञावली असते. ‘फर्मवेअर’ हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ मासिकातल्या एका लेखात योजला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, तर या दोहोंच्या मधले ते ‘फर्म’. ऑप्लर यांच्या मनात प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड होता. पुढे शब्दाचा अर्थ पसरत गेला आणि उपकरणाच्या पोटातल्या कोणत्याही आज्ञावलीला तो लागू झाला.

पूर्वी ही आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असे. नंतर उत्पादकांना स्वस्तातली वाट सापडली. कार्डावर कायमस्वरूपी स्मृती बसवण्यात पैसे जातात. त्यापेक्षा संगणक सुरू होताना ड्रायव्हरनेच एक फाइल उचलून कार्डात भरावी. खर्च वाचतो, शिवाय चुका सापडल्या तर नवी फाइल देऊन दुरुस्त करता येतात. यात गैर काही नाही. पण याचा एक परिणाम असा झाला, की दुकानातून आणलेली वस्तू मुळात अपुरी असते. तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे एक फाइल, आणि ती फाइल बहुतेक वेळा केवळ यंत्राला कळणाऱ्या अंकांच्या रूपात मिळते. ती ज्या मूळ संहितेतून तयार झाली, ती संहिता उत्पादक देत नाही. वाचता येत नाही, बदलता येत नाही, चूक असली तर दाखवून देता येत नाही. हेच ते ‘अमुक्त’ फर्मवेअर.

आता ती सूचना येते कुठून, हे पाहू. पुष्कळांना वाटते तसे कर्नल ती देत नाही. कर्नलमधला ड्रायव्हर हा यंत्रणा आणि उपकरण यांच्यातला दुभाषा असतो. ड्रायव्हर लिहिणारा त्यात एक यादी जाहीर करून ठेवतो : मी या या नावाच्या फायली मागू शकतो. नवा कर्नल बसवताना डेबियन ‘इनिट-रॅम-एफएस’ नावाचे एक गाठोडे बांधते. संगणक सुरू होताना मूळ डिस्क अजून उघडलेली नसते, तेव्हा पहिल्या काही क्षणांची ही शिदोरी. गाठोडे बांधणारी आज्ञावली आत ठेवायच्या प्रत्येक मॉड्यूलची यादी वाचते, त्या फायली फर्मवेअरच्या ठरलेल्या कप्प्यात आहेत का ते बघते, आणि एखादी सापडली नाही व ते मॉड्यूल तुमच्या चालू यंत्रात वापरात असले, तर ती ओळ छापून पुढे जाते. तिचे काम तेवढेच. चिपला हात लावून ती काही तपासत नाही. ती फक्त यादी आणि कप्पा ताडून पाहते.

‘कदाचित’चा उगम इथे आहे. एकेक ड्रायव्हर डझनावारी मॉडेलांसाठी लिहिलेला असतो. इंटेलच्या चित्र-चिपांचा ‘आय९१५’ हा ड्रायव्हर घ्या. अनेक पिढ्यांच्या चिपा तो एकटा सांभाळतो आणि त्याच्या यादीत त्या साऱ्या पिढ्यांच्या फायली असतात. तुमच्या यंत्रात त्यांतली एकच चिप असते. उरलेल्या पिढ्यांच्या फायली तुमच्याकडे नसल्या म्हणून तुमचे काहीही अडत नाही, पण यादी ताडणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. त्या यादीत फाइलीचे नाव असते, पण ती आवश्यक आहे की ऐच्छिक, हे लिहायला रकानाच नाही. रिअलटेकच्या तारेच्या नेटवर्क-चिपांचा ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल मागतो, पण ती मिळाली नाही तरी सहसा जोडणी चालते. त्या फाइलीत चिपच्या वर्तनातल्या काही दुरुस्त्या असतात. उलट बहुतेक वायफाय कार्डे फाइलीवाचून निव्वळ मुकी. एएमडीच्या रेडिऑन चिपांच्या एका पिढीपासून पुढे तर फर्मवेअर नसेल तर पडदाच नीट चालत नाही, म्हणून डेबियनच्या कर्नल-चमूने मूळ ड्रायव्हरला स्वतःची दुरुस्ती जोडली : फाइल नसेल तर अर्धवट सुरू होऊच नको. म्हणजे एकाच साच्यातली सूचना एका ठिकाणी ‘काही बिघडत नाही’ असे सांगत असते, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘उद्या सकाळी पडदा काळा दिसेल’ असे. शब्द तेच, वजन वेगळे.

तालुक्याच्या एका वाचनालयात दान आलेल्या जुन्या संगणकांवर डेबियन बसवून दिले आहे. तिथली देखभाल बघणाऱ्या मुलाचा एकदा फोन आला. ‘काका, डब्ल्यूनं सुरू होणाऱ्या तीसेक ओळी आल्यात. सगळ्या गहाळ म्हणतायत. बंद करून परत चालू करू की नको?’ त्याची भीती रास्त होती. डेबियन बसवताना मराठी भाषा निवडता येते, पण ही ओळ मात्र इंग्रजीतच येते, आणि ‘पॉसिबल’ या शब्दापेक्षा ‘मिसिंग’ हा शब्द डोळ्यांत आधी भरतो. मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. ओळींच्या शेवटी मॉड्यूलचे नाव काय आहे? आणि याच ओळी मागच्या वेळीही आल्या होत्या का? नाव एकच, आय९१५. आणि हो, मागच्या वेळीही आल्या होत्या. म्हटले, कर चालू.

माझी पद्धत साधी आहे, आणि ती इथे सांगून ठेवण्यासारखी आहे. पूर्वीपासून येणारीच नावे असतील आणि उपकरण चालत असेल, तर पुढे जावे. नवे नाव दिसले आणि ते नेटवर्कच्या मॉड्यूलचे असेल, तर यंत्र पुन्हा सुरू करण्याआधी ती फाइल असलेले पॅकेज आणून ठेवावे. नंतर आणायला नेटवर्कच नसेल. किल्ली कुलुपाच्या आत राहावी तशी ही गत होते. यंत्र सुरू झाल्यावर कर्नलची स्वतःची नोंदवही बघावी. ड्रायव्हरने खरोखर एखादी फाइल मागितली आणि ती मिळाली नाही, तर त्याची नोंद तिथे पडते. गाठोडे बांधणारा शंका नोंदवतो, नोंदवही घटना नोंदवते. तीही समजून वाचावी लागते. इंटेलचा वायफाय ड्रायव्हर फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, ती नसेल तर त्याखालची, मग त्याखालची. त्यामुळे पहिल्या एकदोन नकारांनंतर होकार आलेला दिसला, की विषय संपला. आणि अगदीच बिघडले तर डेबियन जुना कर्नल लगेच काढून टाकत नाही. सुरुवातीच्या यादीतून तो निवडून परत येता येते.

इथवर कसे, ते झाले. पण ती फाइल मुळात गहाळ का असते? जगभर फुकट मिळणारी, काही किलोबाइटांची फाइल डेबियनने आत का ठेवली नाही?

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवात रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेतल्या एका लेझर प्रिंटरच्या आज्ञावलीवरून झाली, ही कथा परिचित आहे. उपकरण अडत होते, दुरुस्ती करता आली असती, संहिता मिळाली नाही. म्हणजे वादाचे मूळही उपकरणाच्या आज्ञावलीतच. १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली, १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांचा कर्नल आला आणि १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयन मर्डॉक यांनी डेबियन सुरू केले. डेबियनमागे कंपनी नाही. स्वयंसेवक आहेत, आणि त्यांनी १९९७ च्या जुलैमध्ये एक सामाजिक करार संमत केला. त्याचे पहिले कलम वचन देते, की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. जे मुक्त नाही, ते मूळ यंत्रणेच्या बाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवले जाते. चौथे कलम म्हणते, की आमच्या दृष्टीने वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना अग्रक्रम. पुढचे सगळे भांडण या ‘आणि’मध्ये आहे. दोघांचे हित एकच असेल तोवर ठीक. एकाला वायफाय हवे आणि दुसऱ्याला शुद्धता, तेव्हा काय करायचे?

त्या काळी कर्नलच्या संहितेतच काही ड्रायव्हरांच्या पोटात फर्मवेअर बसलेले असे. सी भाषेतल्या फाइलीत मध्येच सोळा-अंकी पद्धतीतल्या आकड्यांच्या ओळीच्या ओळी. कर्नलचा परवाना जीपीएल, आणि जीपीएलनुसार संहिता म्हणजे बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप. आकड्यांची ती भिंत कुणी हाताने लिहिली असेल, असे कोणताही शहाणा माणूस मानणार नाही. ती कुठल्यातरी दुसऱ्या संहितेतून निघालेली, आणि ती संहिता उत्पादकाच्या कपाटात. मग मुक्त म्हणवल्या जाणाऱ्या कर्नलच्या आतच अमुक्त भाग होता, असे म्हणावे लागते.

२००४ साली डेबियनमध्ये एक मतदान झाले. ठरावाचे नाव होते ‘संपादकीय दुरुस्त्या’. करारातली भाषा सुबक करायची, असा त्याचा सूर. पण पहिल्या कलमात ‘मुक्त सॉफ्टवेअर’ होते, तिथे नुसते ‘मुक्त’ राहिले, आणि एका शब्दाच्या जाण्याने अर्थाचे क्षेत्र बदलले. आता फर्मवेअर हे ‘सॉफ्टवेअर’ आहे की नाही, या पळवाटेला जागाच उरली नाही. त्या वेळचे प्रकाशन-व्यवस्थापक अँथनी टाऊन्स यांनी हे लक्षात आणून दिले, तेव्हा खळबळ उडाली. नवी आवृत्ती निघणे अडले असते, म्हणून दुसरे मतदान घेऊन दुरुस्तीचा अंमल लांबणीवर टाकण्यात आला. संपादनाचे काम केलेल्या कुणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. एक शब्द गाळणे ही कधीच निव्वळ संपादकीय बाब नसते.

पुढे २००६ आणि २००८ मध्ये पुन्हा मतदाने झाली, पुन्हा मुदती मिळाल्या. अखेर ६ फेब्रुवारी २०११ रोजी निघालेल्या ‘स्क्वीझ’ या आवृत्तीत कर्नल पूर्ण साफ झाला. आकड्यांच्या भिंती काढून वेगळ्या पॅकेजांत, अमुक्त कप्प्यात गेल्या. खुद्द लिनस यांच्या कर्नलनेही उरलेसुरले फर्मवेअर २०१७ साली ४.१४ आवृत्तीत आपल्यातून काढले. तोवर त्यासाठी वेगळे भांडार उभे राहिले होते. त्या भांडारात ‘व्हेन्स’ नावाची एक फाइल आहे. कोणती फाइल कोणत्या ड्रायव्हरची आणि तिचा परवाना काय, याची ती सूची. हस्तलिखितांच्या सूचीसारखी मी ती सवडीने वाचत असतो. वाचनीय आहे, असा आग्रह धरणार नाही.

पान काढले, मग तळटीप आली. स्क्वीझच्या काळात कर्नलचे पॅकेजच बसवताना थांबे आणि पडदाभर एक निवेदन दाखवी. तुम्ही सध्या या आवृत्तीवर आहात, ही नवी बसवत आहात, नव्या आवृत्तीत तुमच्या यंत्रातल्या काही ड्रायव्हरांना या जादा फायली लागू शकतात, असे सांगून खाली नावे. मग कारण : बहुतेक फर्मवेअर आमच्या मुक्ततेच्या निकषांत बसत नाही म्हणून आम्ही देत नाही. आणि मग वाट : हवे असेल तर अमुक कप्पा सुरू करा. मला हा मजकूर फार नेमका वाटतो. काय नाही, का नाही, कुठे मिळेल, हे तीनही त्यात आहे, आणि ‘घ्याच’ किंवा ‘घेऊ नका’ असे काही नाही. आजची एका ओळीची सूचना म्हणजे त्या निवेदनाचे आक्रसलेले रूप. कारण आणि वाट गळाली, नाव तेवढे उरले.

याच्या दुसऱ्या टोकाला लिनक्स-लिब्र हा प्रकल्प आहे, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या लॅटिन अमेरिकी शाखेचा. ते कर्नलमधून अमुक्त फर्मवेअर तर काढतातच, पण ड्रायव्हरांच्या यादीतली त्या फायलींची नावेही खोडतात. मुक्त फर्मवेअर उपलब्ध नाही, एवढेच कळते. कोणते हवे होते, ते कळत नाही. त्यांचे म्हणणे असे, की नाव सांगणे म्हणजेच ते आणायला सुचवणे. भूमिका सुसंगत आहे, पण मला पटत नाही. फाटके पान काढून टाकणारा संपादक मी समजू शकतो. तळटीपही काढणारा नाही.

त्यांच्या भूमिकेत आणखी एक गाठ आहे. फाउंडेशनच्या मते चिपमध्ये कायमचे कोरलेले आणि कुणीच न बदलणारे फर्मवेअर हे विद्युतमंडलासारखे मानावे. बाहेरून भरले जाते तेच सॉफ्टवेअर. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ आणि ‘मेल्टडाउन’ हे प्रोसेसरांतले दोष जाहीर झाले, तेव्हा या भेदाची कसोटी लागली. स्पेक्टरच्या एका प्रकारावरच्या उपायासाठी प्रोसेसरचा नवा मायक्रोकोड लागत होता. इंटेलचा मायक्रोकोड बंद संहितेचा, त्यामुळे डेबियनमध्ये तो अमुक्त कप्प्यात. तत्त्वासाठी जो तो कप्पा उघडत नव्हता, त्याच्या प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड नव्हता असे थोडेच आहे? होताच, त्याच कंपनीचा, तितकाच बंद, फक्त जुना आणि सदोष. निवड मुक्त आणि अमुक्त यांच्यात नव्हतीच. एकाच बंद पोथीच्या जुन्या आणि नव्या प्रतींत होती.

डेबियनमध्ये कोंडी फोडणारी चर्चा २०२२ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह मॅकइंटायर यांनी सुरू केली. ते डेबियनच्या प्रतिमा, म्हणजे बसवण्याच्या डिस्का, तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे पाहात आलेले. अधिकृत प्रतिमेत फर्मवेअर नाही म्हणून नव्या लॅपटॉपवर ती चालत नव्हती. फर्मवेअरसहितची प्रतिमाही तयार होत होती, पण ‘अनधिकृत’ शिक्का मारून, सहज न सापडणाऱ्या ठिकाणी ठेवलेली. म्हणजे काम करणारे स्वतः जी प्रतिमा लोकांना वापरायला सांगत, ती दडवून ठेवत. त्यांनी मांडलेला एक मुद्दा मला निर्णायक वाटतो. दृष्टिहीन माणसे वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या आधाराने डेबियन बसवतात, आणि नव्या लॅपटॉपांत आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागू लागले आहे. फर्मवेअर नाही म्हणून आवाज नाही. आणि आवाज नाही म्हणून ‘फर्मवेअर गहाळ आहे’ ही सूचनाही ऐकू येत नाही. सूचना देऊन निवड वापरकर्त्यावर सोडण्याची जी रीत मी वर वाखाणली, ती या माणसांपर्यंत पोचतच नव्हती.

सामाजिक करार बदलायचा तर तीनास एक बहुमत लागते. ते मिळाले. ज्या उपकरणांना गरज आहे त्यांच्यासाठी अधिकृत माध्यमांत अन्यथा डेबियनचा भाग नसलेले फर्मवेअर असू शकेल, असे एक वाक्य करारात आले. त्याच ठरावात असेही होते, की कोणते फर्मवेअर भरले गेले हे वापरकर्त्याला सांगितले जाईल, त्याची नोंद बसवलेल्या यंत्रावर ठेवली जाईल, आणि नको असेल त्याला ते सुरुवातीलाच बंद करता येईल. १० जून २०२३ रोजी निघालेली ‘बुकवर्म’ ही या निर्णयाची पहिली आवृत्ती. फर्मवेअरसाठी त्यात वेगळा कप्पा झाला, ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ नावाचा. इतर अमुक्त सामग्रीला हात न लावता फक्त फर्मवेअर घेता यावे म्हणून.

मी या निर्णयाच्या बाजूचा आहे. तरी त्याची एक किंमत आहे. पूर्वी सूचना पडद्यावर येऊन थांबत असे. आता नोंद एका कप्प्यात असते, शोधणाऱ्याला सापडते. आणि जुन्या यंत्रांसाठी त्यातून एक फसवी स्थिती निर्माण झाली आहे. बुकवर्म नव्याने बसवले तर गरजेनुसार नवा कप्पा आपोआप जोडला जातो. पण जुन्या ‘बुल्सआय’वरून वर चढलेल्या यंत्राच्या यादीत जुनाच ‘नॉन-फ्री’ शब्द असतो. फायली जुन्या जागी पडलेल्या असतात, म्हणून गाठोडे बांधणारा ‘गहाळ’ म्हणत नाही. वायफाय चालते, पडदा चालतो. फक्त फर्मवेअरच्या आणि मायक्रोकोडच्या दुरुस्त्या येणे थांबते. पॅकेज-व्यवस्थापक कप्पा बदलल्याची एक बारीकशी टीप देतो, तेवढीच. ज्यांनी असे चढवले असेल, त्यांनी आपल्या स्रोतांच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा शब्द आहे का, ते आज पाहून घ्यावे. वाचनालयातल्या चार यंत्रांत तो नव्हता, आणि एकाही यंत्राने डब्ल्यूची ओळ दाखवली नव्हती.

याच नव्या कप्प्यात एक पॅकेज आहे, ‘साउंड ओपन फर्मवेअर’चे, इंटेलच्या आवाजाच्या चिपांसाठी. त्याची मूळ संहिता उघडी आहे. कुणीही वाचावी, दुरुस्त करावी, पुन्हा बांधावी. मग ते अमुक्त शेजाऱ्यांत का बसले? कारण बाजारातल्या बहुतेक लॅपटॉपांतली चिप इंटेलच्या गुप्त किल्लीने सही केलेली फाइलच स्वीकारते. तुम्ही संहितेतली एक ओळ सुधारून स्वतः फाइल बांधलीत, तर ती बरोबर असूनही चिप तिला आत घेत नाही. कप्प्यात फाइल असते, नाव जुळते, गाठोडे बांधणारा समाधानी असतो.